तारकागुच्छांत नसलेले कृष्णद्रव्य तारकागुच्छांवरूनच कसे मोजतात?

खानापूर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सरांनी तीन भागांचा एक प्रश्न विचारला आहे. गोलाकार तारकागुच्छांमध्ये कृष्णद्रव्य, म्हणजे ज्याला बहुतेक जण डार्क मॅटर म्हणतात ते न दिसणारे पण गुरुत्वाकर्षणाने जाणवणारे द्रव्य, जवळजवळ नसते असे त्यांनी एके ठिकाणी वाचले आणि दीर्घिकांमधील कृष्णद्रव्य तारकागुच्छांच्या आधारे मोजतात असे दुसऱ्या ठिकाणी वाचले. या दोन विधानांचा मेळ कसा घालायचा, हा पहिला भाग. काही वर्षांपूर्वी ‘कृष्णद्रव्य नसलेली दीर्घिका सापडली’ अशी बातमी अवघ्या दहा गुच्छांच्या निरीक्षणावरून आली होती; ती खरी मानावी का, हा दुसरा. आणि आपल्या भागातून असा एखादा गुच्छ विद्यार्थ्यांना दाखवता येईल का, हा तिसरा. माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे तारकागुच्छांचे वर्णपट तपासण्यात गेली आणि निवृत्तीनंतर मी पुन्हा बेळगावात, शहापूर भागात राहायला आलो आहे. त्यामुळे तिन्ही भागांना अनुभवातून उत्तर देता येईल असे वाटते.

पहिल्या भागातील विरोध केवळ वरवरचा आहे. गोलाकार तारकागुच्छ म्हणजे काही हजारांपासून काही लाखांपर्यंत ताऱ्यांचा, गुरुत्वाकर्षणाने घट्ट बांधलेला आणि बहुधा १,००० ते १,३०० कोटी वर्षे जुना असा गोळा. आपल्या आकाशगंगेत असे दीडशेहून अधिक गुच्छ माहीत आहेत. गुच्छाच्या आतले तारे एकमेकांच्या तुलनेत सेकंदाला काही किलोमीटर, फार तर दहा-वीस किलोमीटर वेगाने फिरतात, आणि एवढ्या वेगांसाठी दिसणाऱ्या ताऱ्यांचे वस्तुमान पुरेसे पडते. म्हणून गुच्छाच्या पोटात कृष्णद्रव्य मानावे लागत नाही. पण संपूर्ण गुच्छ दीर्घिकेभोवती किती वेगाने फिरतो, हे गुच्छाच्या पोटात काय आहे यावर ठरत नाही. त्याच्या कक्षेच्या आत दीर्घिकेचे एकूण किती वस्तुमान आहे यावर ठरते. गवंडी ओळंबा सोडतो तेव्हा शिशाचा गोळा पावशेराचा आहे की अर्ध्या किलोचा याने उभी रेषा बदलत नाही. गुच्छ हा असाच ओळंबा आहे. या नियमाला एक अपवाद आहे आणि तो फारच बोधक आहे, पण तो फॉर्नॅक्स दीर्घिकेचा विषय निघेल तेव्हा सांगतो.

हिशेबाचे मूळ रूप अकरावीच्या विद्यार्थ्यालाही समजेल इतके सोपे आहे. वर्तुळाकार कक्षेसाठी आतील वस्तुमान म्हणजे वेगाचा वर्ग गुणिले अंतर, भागिले गुरुत्व स्थिरांक. सूर्य आकाशगंगेच्या केंद्रापासून सुमारे २६,००० प्रकाशवर्षांवर आहे आणि सेकंदाला सुमारे २३० किलोमीटर वेगाने केंद्राभोवती फिरतो. हे आकडे सूत्रात घातले की सूर्याच्या कक्षेच्या आत जवळपास १०,००० कोटी सूर्यांइतके वस्तुमान आहे असे उत्तर येते. आकाशगंगेतील सगळ्या ताऱ्यांची बेरीज केली तरी ती साधारण ५,००० ते ६,००० कोटी सूर्यांच्या घरात जाते. म्हणजे केंद्रापासून फार दूर न जाताच हिशेबात तूट पडते, आणि जसजसे बाहेर जावे तसतशी ती वाढत जाते. फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ मध्ये कोमा दीर्घिकासमूहात अशीच तूट पाहिली होती आणि व्हेरा रुबिन व केंट फोर्ड यांनी १९७० मध्ये देवयानी दीर्घिकेच्या बाहेरील भागातील वेग उतरत नाहीत असे दाखवले. त्यानंतर हा विषय कोणालाही टाळता आला नाही.

मग गुच्छच का? एकेका ताऱ्यावरून किंवा वायूवरून हे का करत नाहीत? वायूवरून करतातच. हायड्रोजन वायूची २१ सेंटिमीटर तरंगलांबीची रेडिओ खूण नारायणगावजवळील खोडदच्या दुर्बिणीसारख्या यंत्रणांनी टिपता येते आणि तिच्यावरून सर्पिल दीर्घिकांच्या तबकडीची गती चांगली कळते. परंतु लंबवर्तुळी दीर्घिकांत असा वायू फारसा नसतो आणि ज्या बाहेरच्या प्रदेशात कृष्णद्रव्याचे राज्य असते तेथे तारे अतिशय विरळ असतात. साडेसहा कोटी प्रकाशवर्षांवरच्या एकट्या साध्या ताऱ्याचा वर्णपट घेणे आजच्या कोणत्याही दुर्बिणीच्या आवाक्यात नाही. मृगाच्या आधी जांबोटीच्या रानात गेलेल्यांना माहीत आहे की दरीच्या पलीकडचा एकटा काजवा दिसत नाही, पण काजव्यांनी भरलेले झाड दिसते. गुच्छ हे तसे झाड आहे. लाखो ताऱ्यांचा प्रकाश एका ठिपक्यात एकवटलेला असल्यामुळे त्याचा वर्णपट घेता येतो आणि शिवाय असे ठिपके दीर्घिकेच्या दिसणाऱ्या कडेच्या कितीतरी पलीकडे विखुरलेले असतात. एम ८७ या कन्या राशीतील प्रचंड दीर्घिकेभोवती तर बारा हजारांच्या आसपास गुच्छ आहेत. तेथे साक्षीदारांचा तुटवडा नाही. अडचण छोट्या दीर्घिकांमध्ये येते.

वर्णपटावरून आपल्याला फक्त आपल्या दिशेने किंवा आपल्यापासून दूर जाण्याचा वेग कळतो. गुच्छ आडवा किती धावतो हे त्यातून कळत नाही. शिवाय गुच्छांच्या कक्षा तबकडीतल्या ताऱ्यांसारख्या एका पातळीत नसून सर्व बाजूंनी कलत्या आणि लांबट असतात. त्यामुळे एकेका गुच्छाच्या वेगापेक्षा सगळ्यांच्या वेगांचा पसारा, म्हणजे सरासरीपासून ते किती मागे-पुढे विखुरलेले आहेत हे मोजतात. पसारा मोठा असेल तर त्यांना बांधून ठेवणारे वस्तुमानही मोठे असले पाहिजे, नाहीतर गुच्छ केव्हाच निसटून गेले असते. मात्र येथे एक गोम आहे. गुच्छांच्या कक्षा बहुतांशी केंद्राकडे आत-बाहेर येणाऱ्या असतील तर एका पसाऱ्याचा अर्थ एक निघतो आणि त्या गोलसर असतील तर दुसरा. केवळ एका दिशेचा वेग हातात असताना या दोन शक्यता वेगळ्या करणे अवघड असते, आणि अनेक शोधनिबंधांतील खरा वाद आकड्यांवर नसून या गृहीतकावर असतो.

आपल्या स्वतःच्या आकाशगंगेपुरती ही अडचण गाया या युरोपीय उपग्रहाने बऱ्याच अंशी दूर केली. डिसेंबर २०१३ मध्ये सोडलेल्या या उपग्रहाने जानेवारी २०२५ पर्यंत ताऱ्यांची आकाशातील आडवी सरक मोजली. ही सरक किती सूक्ष्म असते याची कल्पना यावी म्हणून सांगतो: एक लाख प्रकाशवर्षांवरचा गुच्छ सेकंदाला दीडशे किलोमीटर वेगाने आडवा धावत असेल, तर वर्षभरात तो आकाशात जेवढा सरकतो तेवढाच कोन दिल्लीत ठेवलेल्या हरभऱ्याच्या दाण्याचा बेळगावातून होईल. २०१९ मध्ये गायाने मोजलेले ३४ गुच्छ आणि हबल दुर्बिणीने दहा वर्षांच्या अंतराने पाहिलेले त्याहून दूरचे १२ गुच्छ एकत्र घेऊन आकाशगंगेचे एकूण वस्तुमान सुमारे दीड लाख कोटी सूर्यांइतके काढण्यात आले. त्यातले सर्वांत दूरचे गुच्छ १,३०,००० प्रकाशवर्षांवर होते, आणि त्यापलीकडचा भाग गणिती प्रतिरूपावरून, म्हणजे मॉडेलवरून, वाढवून धरलेला होता. त्यानंतरचे अनेक अंदाज एक लाख कोटींच्या जवळ किंवा त्याखालीही आले आहेत. हा फरक पाहून कोणी नाक मुरडू नये. मोठा मॅगेलन मेघ ही शेजारची दीर्घिका आकाशगंगेलाच थोडी ओढून नेत असल्याने बाहेरचे गुच्छ आणि आतला भाग एकाच ठाम चौकटीत बसत नाहीत, हे अलीकडे ध्यानात आले आहे.

आता ज्या गोष्टीकडे नवशिक्यांचे लक्ष जात नाही ती सांगतो. दहा साक्षीदार आहेत असे म्हणताना ते दहा वेगवेगळ्या घरचे आहेत असे आपण धरून चालतो. पण धनू राशीतील बटू, म्हणजे अगदी लहान, दीर्घिका आकाशगंगेत विरघळत असताना तिने स्वतःबरोबर एम ५४, टर्झन ७, टर्झन ८ आणि आर्प २ हे गुच्छ आणले. त्यांच्या गती एकमेकांशी जुळलेल्या आहेत. देवयानी दीर्घिकेच्या बाहेरच्या गुच्छांत तर २०१९ मध्ये असे दोन गट दिसले की ते जवळपास एकमेकांना काटकोनात असलेल्या दिशांनी फिरतात, म्हणजे ते दोन निरनिराळ्या काळी बाहेरून आले असावेत. एकाच वरातीतून आलेल्या पाच पाहुण्यांना पाच गावांचे प्रतिनिधी मानले तर हिशेब चुकणारच. माझ्या स्वतःच्या सुरुवातीच्या कामात याहून साधी चूक झाली होती. देवयानीच्या दिशेला एका ठिपक्याचा वेग बाकीच्या गुच्छांपासून बराच वेगळा आला आणि त्याच्यामुळे वस्तुमान फुगले. मी आठवडाभर त्या आकड्याचे समर्थन शोधत बसलो, आणि अखेरीस तो ठिपका गुच्छ नसून आपल्याच आकाशगंगेच्या प्रभामंडलातला, म्हणजे तिच्याभोवतीच्या विरळ गोलसर वेढ्यातला, मधला एक तारा निघाला. देवयानी आपल्याकडे सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर वेगाने येत असल्यामुळे आपल्याकडचे वेगवान तारे तिच्या गुच्छांच्या वेशात सहज मिसळतात. तेव्हापासून ज्या निष्कर्षाचा डोलारा एका ठिपक्यावर उभा असतो त्याकडे मी संशयानेच पाहतो.

सरांच्या दुसऱ्या भागाचे उत्तर याच संशयातून द्यायचे आहे. ती दीर्घिका म्हणजे एनजीसी १०५२-डीएफ२. ती आकाराने आपल्या आकाशगंगेएवढी पसरलेली असली तरी तिच्यातील ताऱ्यांचे वस्तुमान केवळ २० कोटी सूर्यांइतके, म्हणजे आकाशगंगेच्या दोनशेव्या भागाहूनही कमी आहे. तिच्या आरपार मागच्या दीर्घिका दिसतात. पीटर व्हॅन डॉकम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवाई बेटावरील केक दुर्बिणीने तिच्यातील दहा गुच्छांचे वेग मोजले आणि मार्च २०१८ मध्ये जाहीर केले की त्यांचा पसारा सेकंदाला सुमारे १० किलोमीटरहून कमी आहे. अशा दीर्घिकेला नेहमीसारखे कृष्णद्रव्याचे प्रभामंडल असते तर हा पसारा ३० किलोमीटरच्या आसपास असायला हवा होता. दिसणारे तारे तेवढेच वस्तुमान, असा त्याचा अर्थ झाला.

दहा आकड्यांवरून पसारा काढला तर केवळ संख्या कमी असल्यामुळे त्यात सुमारे २२ टक्के अनिश्चितता राहते, आणि वस्तुमान पसाऱ्याच्या वर्गाप्रमाणे बदलत असल्याने ती वस्तुमानात सुमारे ४५ टक्के होते. गुच्छ चाळीस असते तर हीच अनिश्चितता निम्मी झाली असती. याहून घातक असते ती मोजमापाची चूक. प्रत्येक वेगात यंत्राची आणि वर्णपटाच्या धूसरपणाची थोडी चूक मिसळलेली असते आणि ती पसारा खोटाच वाढवते, म्हणून ती वर्ग करून वजा करावी लागते. समजा दिसणारा पसारा १० आला आणि चूक ६ धरली, तर १०० वजा ३६ म्हणजे ६४, आणि खरा पसारा ८. पण चूक प्रत्यक्षात ८ असेल तर १०० वजा ६४ म्हणजे ३६, आणि खरा पसारा ६. चुकीच्या अंदाजात केवळ दोन किलोमीटरचा फरक पडला आणि वस्तुमान ६४ ऐवजी ३६ च्या प्रमाणात आले. यामुळेच त्या निबंधावर लगोलग टीका झाली. दहापैकी एका गुच्छाचा वेग इतरांपासून फार लांब होता; त्याला कसे वागवायचे यावर पसाऱ्याची कमाल मर्यादा बदलत होती. पुढे त्याचा वेग पुन्हा मोजला तेव्हा तो इतरांच्या बराच जवळ आला आणि पसारा सुमारे ८ किलोमीटर ठरला.

दुसरा हल्ला अंतरावर झाला. मूळ हिशेबात दीर्घिका सुमारे साडेसहा कोटी प्रकाशवर्षांवर धरली होती. स्पेनमधील एका गटाने २०१९ मध्ये ती सव्वाचार कोटी प्रकाशवर्षांवरच आहे असा दावा केला. तसे असेल तर दीर्घिका लहान आणि फिकी ठरते, ताऱ्यांचे वस्तुमान कमी होते आणि त्याच वेगांसाठी कृष्णद्रव्याला पुन्हा जागा मिळते. त्या दाव्यात एक आकर्षक गोष्ट होती, ती म्हणजे डीएफ२ मधील गुच्छ विलक्षण तेजस्वी, आपल्या आकाशातील सर्वांत तेजस्वी गुच्छ ओमेगा सेंटॉरी याच्या तोडीचे दिसत होते. अंतर कमी धरले की ते आपोआप नेहमीच्या तेजाचे होत. मलाही त्या वेळी हा युक्तिवाद बराच पटला होता, हे मान्य केले पाहिजे. पण हबलने दीर्घकाळ निरीक्षण करून तिच्यातील तांबड्या राक्षसी ताऱ्यांच्या तेजाची कमाल मर्यादा टिपली आणि २०२१ मध्ये अंतर सुमारे ७ कोटी २० लाख प्रकाशवर्षे निघाले. म्हणजे दीर्घिका मुळात मानली होती त्याहूनही थोडी दूरच निघाली. दरम्यान गुच्छांवर अजिबात न विसंबता, दीर्घिकेतील ताऱ्यांच्या एकत्रित प्रकाशावरून दोन निराळ्या यंत्रणांनी वेगपसारा मोजला, आणि तोही ८ ते ११ किलोमीटरच्या दरम्यान आला. शेजारच्या डीएफ४ या दुसऱ्या दीर्घिकेतही, सात गुच्छांवरून, तसाच प्रकार दिसला.

तेव्हा माझे मत असे की बातमी खरी ठरली, पण पहिल्या निबंधातील दहा गुच्छांच्या बळावर नव्हे; अंतर आणि ताऱ्यांचा पसारा या स्वतंत्र साक्षी नंतर जुळल्यामुळे ती ठरली. कृष्णद्रव्य कोठे गेले, याचे एक सुचवलेले उत्तर असे आहे की सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वी दोन वायूने भरलेल्या बटू दीर्घिका प्रचंड वेगाने एकमेकींवर आदळल्या; कृष्णद्रव्य एकमेकांच्या आरपार निघून गेले, वायू मात्र मध्ये अडकून त्याच्यापासून तारे आणि असे ठळक गुच्छ तयार झाले. डीएफ२ आणि डीएफ४ ज्या रेषेत आहेत तिच्यावर आणखीही फिकट दीर्घिका असल्याचे २०२२ मध्ये मांडण्यात आले. हे स्पष्टीकरण सर्वांना मान्य नाही. गंमत अशी की गुरुत्वाचा नियमच बदलून कृष्णद्रव्य टाळू पाहणाऱ्यांना ही दीर्घिका अधिक अडचणीची वाटते, कारण बदललेला नियम सगळीकडे सारखाच लागू व्हायला हवा. त्यांचे म्हणणे असे की शेजारच्या मोठ्या एनजीसी १०५२ दीर्घिकेच्या ओढीमुळे येथे तो परिणाम दबतो.

याच्या अगदी उलट उदाहरण ड्रॅगनफ्लाय ४४ या दीर्घिकेचे आहे. २०१६ मध्ये ती जवळजवळ संपूर्ण कृष्णद्रव्याची आहे असे सांगितले गेले आणि तिच्याभोवती सत्तरहून अधिक गुच्छ मोजले गेले. दीर्घिकेभोवतीच्या गुच्छांची एकूण संख्या आणि कृष्णद्रव्याचे वस्तुमान यांत अतिशय सरळ नाते आढळते. ढोबळ हिशेब असा की प्रत्येक गुच्छामागे सुमारे ५०० कोटी सूर्यांइतके प्रभामंडल. वेग न मोजता केवळ गुच्छ मोजून वजन सांगता यावे, ही सोय फार मोहात पाडणारी आहे. पण पुढे दुसऱ्या गटाने काळजीपूर्वक मोजले तेव्हा ड्रॅगनफ्लाय ४४ चे गुच्छ विसाच्या आसपासच भरले. फिकट ठिपक्यांपैकी गुच्छ कोणता आणि मागची दूरची दीर्घिका कोणती, हे ठरवताना ज्याची चाळणी जितकी सैल तितकी संख्या मोठी.

गुच्छांचा तिसरा उपयोग मला सर्वांत सुंदर वाटतो, आणि तो समजण्यासाठी आपल्याकडच्या गळीत हंगामाइतके चांगले उदाहरण नाही. निपाणी-चिकोडी रस्त्यावर उसाने खचाखच भरलेल्या ट्रॉल्या जातात तेव्हा मागे उसाची कांडी पडत जातात आणि ट्रॅक्टर कोठून गेला हे त्या कांड्यांच्या माळेवरून कळते. आकाशगंगेभोवती फिरणाऱ्या गुच्छाचे बाहेरचे तारे असेच तिच्या ओढीने निसटतात आणि पुढे-मागे लांबच लांब प्रवाह तयार होतो. पालोमार ५ या सुमारे ७५,००० प्रकाशवर्षांवरच्या गुच्छाच्या दोन्ही बाजूंना अशा शेपट्या २००१ मध्ये सापडल्या. २००६ मध्ये सापडलेल्या जीडी-१ या प्रवाहाचा मूळ गुच्छ तर शिल्लकही नाही. साठ अंशांहून लांब पसरलेली ताऱ्यांची बारीक ओळ तेवढी उरली आहे. या ओळींच्या वळणावरून प्रभामंडल गोल आहे की चपटे हे काढता येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ओळीत मध्येच खंड पडलेले असतात. गायाच्या नोंदींवरून २०१८ मध्ये जीडी-१ मधील खंड आणि त्याच्या बाजूला फुटलेला एक फाटा स्पष्ट दिसला, आणि २०१९ मध्ये असे मांडले गेले की १० लाख ते १० कोटी सूर्यांच्या वस्तुमानाची एक न दिसणारी, दाट गोष्ट गेल्या ५० कोटी वर्षांत तेथून घासून गेली असावी.

याचे मोल असे की कृष्णद्रव्याचे कण संथ आणि जड असतील तर प्रभामंडलात एकही तारा नसलेले असे असंख्य छोटे गोळे असले पाहिजेत. कण हलके आणि वेगवान असतील तर छोटे गोळे तयारच होणार नाहीत. ज्याच्यात ताराच नाही तो गोळा शोधण्याचे मार्ग थोडे आहेत आणि ताऱ्यांच्या ओळीला पडलेले भगदाड हा त्यांपैकी एक आहे. पण रस्त्यावर कांड्यांची माळ तुटली म्हणजे तेथे पोरांनी ऊस ओढून घेतला असेच नाही. खड्डा असेल, चढ असेल, कोणी मागाहून कांडी उचलून नेली असतील. पालोमार ५ च्या बाबतीत आकाशगंगेच्या मध्यावरील ताऱ्यांचा दांडा किंवा तबकडीतील मोठे वायुमेघ असे खंड पाडू शकतात, हे दाखवले गेले आहे. जीडी-१ तबकडीच्या फिरण्याच्या उलट दिशेने जात असल्याने तिच्यावर या गोष्टींचा प्रभाव कमी पडतो, म्हणून तिची साक्ष मी अधिक वजनाची मानतो. चिलीतील व्हेरा रुबिन वेधशाळेने २०२५ मध्ये आपली पहिली चित्रे दिली. तिच्या दहा वर्षांच्या पाहणीतून याहून फिकट प्रवाह मिळतील तेव्हा एका खंडावर वाद घालण्याऐवजी शेकडो खंडांची मोजदाद करता येईल.

आता तो राहिलेला अपवाद. गुच्छाच्या स्वतःच्या वजनाने कक्षा बदलत नाही असे मी वर म्हटले, पण गुच्छ जड असेल आणि दाट कृष्णद्रव्यातून जात असेल तर त्याच्या ओढीने मागच्या बाजूला कृष्णद्रव्य किंचित गोळा होते आणि ते गुच्छाला मागे खेचते. या गतिक घर्षणाचे सूत्र सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९४३ मध्ये मांडले. फॉर्नॅक्स ही सुमारे ४ लाख ६० हजार प्रकाशवर्षांवरची बटू दीर्घिका आहे आणि तिच्यात सहा गुच्छ आहेत. चंद्रशेखरांचे सूत्र लावले तर त्यांपैकी काही गुच्छ एक-दोनशे कोटी वर्षांतच घसरत केंद्राशी जाऊन एकमेकांत मिसळायला हवेत. गुच्छांचे वय हजार कोटी वर्षांहून अधिक, आणि फॉर्नॅक्सच्या केंद्राशी असा कोणताही मोठा गोळा नाही. स्कॉट ट्रेमेन यांनी १९७६ मध्येच हे कोडे मांडले होते. २००६ च्या सुमारास संगणकीय प्रतिरूपांतून दिसले की कृष्णद्रव्य केंद्राकडे टोकदार दाटत न जाता मध्ये सपाट असेल, तर गुच्छ त्या सपाट भागाच्या कडेपाशी येऊन थबकतो, कारण तेथील कण त्याच्याशी लय साधून फिरू लागतात आणि मागे खेचणे जवळपास थांबते. साध्या प्रतिरूपांना केंद्राशी टोक हवे असते आणि फॉर्नॅक्सचे गुच्छ सपाटपणाकडे बोट दाखवतात. तो सपाटपणा पूर्वीच्या ताऱ्यांच्या स्फोटांनी वायू हुसकावल्यामुळे आला की कृष्णद्रव्याच्या कणांच्या स्वभावातच आहे, यावर अजून जोरदार मतभेद आहेत. गुच्छ आपल्याला दिसतात त्यापेक्षा केंद्रापासून प्रत्यक्षात दूर असतील किंवा उशिरा आत आले असतील, असाही एक साधा पर्याय आहे आणि तो फेटाळलेला नाही.

तिसऱ्या भागाचे उत्तर होकारार्थी आहे, आणि याबाबतीत आपण पुण्या-मुंबईकरांपेक्षा किंचित सुदैवी आहोत. आकाशातील सर्वांत तेजस्वी गोलाकार गुच्छ ओमेगा सेंटॉरी नरतुरंग तारकासमूहात आहे. त्यात सुमारे एक कोटी तारे आहेत आणि तो १७,००० प्रकाशवर्षांवर आहे. बेळगावातून तो दक्षिण क्षितिजापासून सुमारे २७ अंशांपर्यंत वर येतो, म्हणजे हात लांब करून धरलेल्या तीन मुठींना थोडा कमी. मे महिन्याच्या मध्यास रात्री साडेदहाच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करावे, चित्रा तारा ओळखावा आणि तेथून सरळ खाली ३६ अंश उतरावे. चित्रा आणि हा गुच्छ जवळजवळ एकाच उभ्या रेषेत आहेत. यळ्ळूरच्या राजहंसगडासारख्या उंच जागी, दक्षिणेला शहराचा उजेड नसेल अशा ठिकाणी उभे राहावे. वळीव पडून गेलेल्या रात्री धूळ खाली बसलेली असते, ती उत्तम. नुसत्या डोळ्यांना अंधुक, किंचित फुगीर तारा दिसेल. साध्या द्विनेत्रीतून गोल धुकट डाग दिसेल. सहा इंची दुर्बिणीतून कडेचे तारे सुटे होऊ लागतील. विद्यार्थ्यांना हेही सांगावे की सरांनी वाचलेल्या वाक्यातील ‘जवळजवळ’ हा शब्द याच गुच्छासाठी राखून ठेवायला हवा. ओमेगा सेंटॉरी हा साधा गुच्छ नसून आकाशगंगेने गिळलेल्या एका बटू दीर्घिकेचा उरलेला गाभा असावा असे मानले जाते. २०२४ मध्ये त्याच्या केंद्राजवळ अतिशय वेगाने धावणारे सात तारे आढळले आणि त्यांच्यावरून तेथे किमान ८,२०० सूर्यांच्या वस्तुमानाचे कृष्णविवर असल्याचा निष्कर्ष काढण्यात आला. मूळ दीर्घिकेचे थोडे कृष्णद्रव्य त्याच्यात अजून शिल्लक आहे का, याची तपासणी करताना आता या कृष्णविवराचा भार आधी वजा करावा लागतो.

ओमेगा पाहून झाल्यावर मुले जागी असतील तर मे अखेरीस रात्री साडेबाराच्या सुमारास शौरी तारकासमूहातील एम १३ उत्तरेकडे ७० अंशांवर येतो, तोही दाखवावा. ४७ टुकाने या दुसऱ्या प्रसिद्ध दक्षिणी गुच्छाच्या मागे मात्र लागू नये. तो आपल्या क्षितिजापासून दोन अंशच वर येतो आणि झाडे, डोंगर व धुरळा यांतून तो गाठायचा म्हणजे नुसती पायपीट होते.